खोबऱ्याच्या शाळेत पहिला नंबर

कागुलांग गाव, अंतीके
१ जुलै १९९६

पुरिंग,

तुझं पत्र बसच्या कंडक्टरनं आणून दिलं. सोबतच्या डब्यातली बिस्किटांची वरची थप्पी गायब होती आणि त्याच्या मिशीला चुरा लागलेला होता. पुढच्या वेळी डबा सुतळीनं बांध.

आधी एक सांगते. हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय. इतकी वर्षं चर्चमधला म्हातारा सेवेरो लिहून द्यायचा. मी म्हणायची, "लिही, दोन कोंबड्या मेल्या." तो लिहायचा, "परमेश्वराच्या इच्छेपुढे आपण कोण?" गेला तो मे महिन्यात. आता मधे कुणी नको. हसू नकोस.

तू म्हणतेस, जोवेलिनला जूनपासूनच इलोइलोला पाठवायला हवी होती. तुझ्या शहरात मोठी शाळा, तीन मजले, वाद्यवृंद, आणि काय काय. नेस्तोरचंही जहाजावरून पत्र आलं. "पोरीच्या शाळेचं तिया पुरिंग सांगेल तसं करा. घरात शिकलेली तीच." मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं, त्याची बायको गेल्यावर त्याची पोर वाढवली, पण ठरवणार त्याची मावशी. ठरव बाई. पण पुरतं ऐकून ठरव.

सरकारी शाळेकडे जायचा झुलता पूल वादळात वाहून गेला. वर्षभर पोर बांबूच्या तराफ्यावरून जायची आणि अर्धी भिजून यायची. म्हणून या जूनपासून तिला खोबऱ्याच्या शाळेत घातलं. खोबरं सुकवायची जुनी शेड आहे, तीत भरते म्हणून खोबऱ्याची. दारावर दुसरंच काही नाव रंगवलंय, ते कुणी घेत नाही. एकतीस पोरं, दोन बाया. थोरली लुदीविना, शहरातली बरी नोकरी सोडून इथे आली. डोक्याला काही लागलं असेल लहानपणी.

पहिली ते सहावी एकाच छपराखाली. जेवल्यावर पोरं ताटं आपली आपण घासतात. मी म्हटलं, एवढंच शिकवायचं तर शाळा कशाला, मी घरी शिकवत होतेच. शुक्रवारी सगळी चटईवर गोल बसतात. ज्याच्या हातात नारळाची करवंटी असेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. पाद्रीबाबा आले होते, त्यांनासुद्धा करवंटी येईपर्यंत थांबवलं. तेवढं मला आवडलं.

आणि प्रत्येक घरानं शाळेला काहीतरी काम द्यायचं. मला मंगळवारचा स्वयंपाक लावलाय. मुगाची आमटी, शेवग्याचा पाला घालून. एकतीस पोरं आणि दोन बाया, सगळ्यांना पुरून उरली पाहिजे.

पोर बरी आहे. घाई करू नकोस.

सांताय


इलोइलो
१४ जुलै १९९६

प्रिय मानांग,

तुझे पत्र पाहून मी खुर्चीतून उठले. माझी मानांग, माझी थोरली बहीण, या वयात स्वतःच्या हाताने लिहू लागली! ओळी सरळ, अक्षर गोल, कुठे शाई सांडलेली नाही. शुद्धलेखन मात्र तिसरीतल्या मुलाचे आहे. चुका लाल पेन्सिलीने दाखवून पत्र परत पाठवते आहे. राग मानू नकोस, चौतीस वर्षांची सवय आहे, त्यांतली अकरा वर्षे मुख्याध्यापिकेची.

आता जोवेलिनविषयी. ताटे घासणे आणि करवंटी फिरवणे याला मी शिक्षण म्हणत नाही. मुलीला स्पर्धा हवी. आपण कितवे आहोत हे ठाऊक नसेल तर मूल पुढे जाईलच कशाला? तरी तुझे मन मोडायचे नाही म्हणून हे वर्ष देते. मार्चमध्ये ती पहिल्या तिघांत आली, तर राहू दे तिला कागुलांगला. नाही आली, तर जूनमध्ये ती माझ्याकडे. नेस्तोरलाही मी हेच कळवले आहे.

बिस्किटे या वेळी सुतळीने बांधली आहेत.

तुझी,
पुरिफिकासियोन


कागुलांग
२४ सप्टेंबर १९९६

पुरिंग,

सुतळी होती. गाठ वेगळी होती. त्यानं सोडून पुन्हा बांधली. तुझा कंडक्टर मुळात खलाशी असणार.

लाल पत्र मिळालं. त्यावर इतकं लाल होतं की शेजारची म्हणाली, कुणाला लागलं का? मला दुसरीतून काढलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. कुणीतरी पाळणा हलवायला हवा होता. तेव्हा जास्त बोलू नकोस.

शाळेचं ऐक. ऑगस्टातल्या एका शुक्रवारी मीही त्या गोलात बसले, घरची भांडी घासून झाली होती म्हणून. एल्मेर म्हणून एक दांडगा मुलगा आहे. त्यानं शाळेची शेळी नीट बांधली नाही आणि तिनं एका मुलीची विणलेली चटई खाल्ली. मी लगेच म्हटलं, "दोन फटके द्या, विषय संपला." तर मायमाय नावाची सहा वर्षांची चिमुरडी, पुढचे दोन दात पडलेले, मला म्हणते, "लोला, करवंटी तुझ्याकडे नाहीये." मी एकाहत्तर वर्षांची आजी! गप्प बसले. काय करणार, तिचं बरोबर होतं.

इथला नियम असा, की ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं. एल्मेरला नवी चटई विणायला लावली. विणकाम शिकवायला माझ्याकडे पाठवला. पाच आठवडे माझ्या ओसरीवर बसून रोज रडगाणं. आता माझ्यापेक्षा घट्ट विणतो आणि मला म्हणतो, "लोला, तुझी किनार वाकडी जातेय." फटके दिले असते तर मला हे ऐकावं लागलं नसतं.

तू विचारतेस म्हणून लुदीबाईला विचारलं, "आमची कितवी?"

"कशात, लोला?"

"कशात म्हणजे? सगळ्यात."

"भागाकार करते, पण घाई करते. लहानांना गोष्ट वाचून दाखवते तेव्हा फार छान. मगरीचा आवाज तर अगदी तुमच्यासारखा काढते."

"मगर कितवी ते मी विचारलं नाही."

हसली नुसती. इथे नंबर नाहीत म्हणे. मी म्हटलं, नाहीत तर काढा, माझ्या बहिणीला हवेत. तर म्हणाली, बहिणीला घेऊन या, एक दिवस बसू दे आमच्यात.

बघू.

सांताय


इलोइलो
१० डिसेंबर १९९६

प्रिय मानांग,

नाताळच्या शुभेच्छा. सोबत जोवेलिनसाठी मोजे आणि तुझ्यासाठी गुडघ्याचे तेल आहे.

तुझे अक्षर दर पत्रागणिक सुधारते आहे. गेल्या वेळी फक्त नऊ चुका होत्या. मी शेजारणींना दाखवले. आपल्या शाळेत तुझ्यासारखी विद्यार्थिनी असती तर, असे मनात आले.

परंतु मी जे विचारले होते त्याचे उत्तर अजून नाही. मुलगी कितवी आहे? मी इकडे तयारी करून ठेवली आहे. मागच्या खोलीत पलंग टाकला, निळ्या स्कर्टचे कापड आणून ठेवले, त्या शाळेत नावही लावून ठेवले. जानेवारीत मला स्पष्ट आकडा कळव. न कळवल्यास मी 'नाही' असे समजेन.

तुझी,
पुरिफिकासियोन


कागुलांग
१२ जानेवारी १९९७

पुरिंग,

जोवेलिन पहिली आली.

एकतीस पोरांत पहिली. वाचनात पहिली, गणितात पहिली, वागण्यात पहिली. लुदीबाई म्हणाली, अशी मुलगी पाहिली नाही. सगळं गाव म्हणतंय.

झालं समाधान? आता त्या पलंगावर तुझी मांजर झोपव. कापडाचे पडदे शिव.

सांताय


इलोइलो
२० जानेवारी १९९७

माझ्या प्रिय मानांग,

मी रडले. खरेच रडले. पहिली! नेस्तोरला मी तार केली.

मी स्वतः येणार. २२ मार्चला तुमच्या शाळेचा शेवटचा दिवस असेल ना? मंचावर पदक मीच तिच्या छातीवर लावणार. नातलगांतल्या वडीलधाऱ्याने लावायचे असते, आणि आपल्या घरात शाळेची पायरी शेवटपर्यंत चढलेली मीच आहे, तेव्हा तू हरकत घेणार नाहीस. गुलाबी झगा शिवायला टाकला आहे. फोटो काढायला तिथे कोणी आहे का? नसल्यास मी इथून घेऊन येईन.

त्या शाळेबद्दल मी घाईने मत बनवले होते. जिथे माझी नात पहिली येते तिथे काहीतरी असणारच.

तुझी,
पुरिंग


कागुलांग
३ फेब्रुवारी १९९७

पुरिंग,

येऊ नकोस.

रस्ता वाईट आहे. डोंगरावरून दगड येतात. गेल्या आठवड्यात एक डुकरावर पडला. डुक्कर वाचलं, पण ते तुझ्यापेक्षा तरुण होतं. शिवाय गावात गोवर आहे. तुला लहानपणी गोवर येऊन गेलाय हे मला माहीत आहे, पण तो हा गोवर नाही.

आणि मंच नाही इथे. चटई आहे. तुला खाली बसता येत नाही, बसलीस तर उठता येत नाही, मग आम्ही चौघींनी तुला उचलायचं.

फोटोवाला तर आणूच नकोस. मी पदकाचा फोटो कुणाकडून तरी काढून पाठवते. पदक छान आहे. पिवळं आहे. लांबून बघायला छान आहे.

गुलाबी रंग तिला शोभत नाही.

सांताय


कागुलांग
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय लोला पुरिंग,

मी जोवेलिन. तुम्हाला जुलैपासून आलेली सगळी पत्रं मीच लिहिली आहेत. लोला बोलते आणि मी लिहिते. तिनं सांगितलं होतं की "माझ्या हातानं लिहितेय" असं लिही, म्हणून तेही मीच लिहिलं. तुमची पत्रं पण मीच तिला वाचून दाखवते. तुम्ही लाल पेन्सिलीनं केलेल्या खुणा मी वहीत उतरवून घेतल्या. आता माझ्या कमी चुका होतात. त्याबद्दल आभारी आहे.

मी पहिली आलेली नाही. कुणीच आलेलं नाही, कारण इथे तसं काही नाही. १२ जानेवारीला लोला म्हणाली, "लिही, पहिली आली." मी म्हटलं, लोला, पण. ती म्हणाली, "पण नको, पूर्णविराम दे." मी दिला.

तुम्ही येणार असं वाचून दाखवल्यावर लोलानं मला ते पत्र पुन्हा दोनदा वाचायला लावलं. मग शेजारच्या बोयेतकडे गेली. तो गावाच्या जत्रेत बास्केटबॉल खेळतो. त्याचं पदक तिनं उसनं आणलं. त्यावर एक माणूस चेंडू फेकतोय आणि खाली 'तिसरा क्रमांक' असं लिहिलंय. लोलानं ते लुदीबाईंना दिलं आणि म्हणाली, "त्या दिवशी एवढं माझ्या बहिणीच्या हातात द्या. माणूस आतल्या बाजूला ठेवा. ती चारचौघांत चष्मा लावत नाही, तिला काही दिसायचं नाही." लुदीबाई म्हणाल्या की याचं उत्तर त्या एकट्या देऊ शकत नाहीत, हे शुक्रवारी गोलात ठेवावं लागेल. लोला म्हणाली, "ठेवा, मी कुणाला घाबरत नाही." पण शुक्रवारी ती शाळेच्या चुलीपाशीच बसून राहिली.

मग मीच करवंटी घेतली आणि सगळं सांगितलं. मी रडले नाही. थोडीच रडले.

सगळ्यांनी पदक फिरवून बघितलं. एल्मेरनं विचारलं, "लोला, हिनं कधी चेंडू फेकला?" लोला म्हणाली, "गप रे, चटईवाल्या." मायमायनं करवंटी मागितली आणि विचारलं, "लोला, तू खोटं का बोललीस?" लोलानं करवंटी हातात घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाली, "ती बाई पोरीला घेऊन जाईल म्हणून."



मग ठरलं की आम्ही दोघींनी मोडलंय, तर दोघींनी जोडायचं. माझं जोडणं म्हणजे हे पत्र. लोलाचं जोडणं म्हणजे तिनं स्वतः तुम्हाला खरं काय ते लिहायचं. लोला म्हणाली, हात दुखतो. मग म्हणाली, डोळे दुखतात. मग म्हणाली, "मला येत नाही. नाव तेवढं येतं. बाकीचं विसरले." एल्मेर सोडून कुणी हसलं नाही, आणि एल्मेर सगळ्यालाच हसतो. मायमाय म्हणाली, "मग माझ्या शेजारी बस. मला अर्धी अक्षरं येतात, तेवढी मी शिकवते."

आता लोला रोज येते. मायमाय तिला ओरडते. लोलाही तिला ओरडते. लुदीबाई दोघींना ओरडतात.

हे पत्र मी लोलाला वाचून दाखवलेलं नाही. पण मी लिहिणार हे तिला माहीत आहे.

तुमची,
जोवेलिन

बोयेतचं पदक परत दिलं.


इलोइलो
२६ फेब्रुवारी १९९७

मानांग,

हे पत्र तुला जोवेलिनच वाचून दाखवणार, हे जाणूनच लिहिते आहे.

सात महिने मी एका नऊ वर्षांच्या मुलीची वही तपासत होते आणि शेजारणींना माझी बहीण म्हणून दाखवत होते. तूच नेस्तोरला तार करायला लावलीस. तुझ्या नातीला तू खोटे लिहायला बसवलेस, आणि त्या शाळेत तिला ते एकतीस जणांसमोर सांगावे लागले. याहून अधिक मला काही पाहायचे नाही.

मी २२ मार्चला येते आहे. पदक नव्हे, सूटकेस घेऊन.

पुरिफिकासियोन


कागुलांग
१५ मार्च १९९७

पुरिंग

हे मी लिहिले.

जोवेलिन पहिली नाही. इथे कोणी पहिले नाही.

खोटे मी बोलले. ती नाही.

तिला नेऊ नको.

सांताय


इलोइलो
६ एप्रिल १९९७

प्रिय मानांग,

आम्ही सुखरूप पोहोचलो. जोवेलिनला बसमध्ये दोनदा उलटी झाली, एकदा कंडक्टरच्या बुटावर. मला वाटते तुला हे वाचून आनंद होईल.

तुझ्या घरातून निघताना मी एवढेच म्हटले की सुटीपुरती नेते, पुढचे लिहून कळवेन. तू "बरं" म्हणालीस आणि कोंबड्यांना हाकलायला गेलीस. अंगणात एकही कोंबडी नव्हती. आता पुढचे लिहिते. हे पत्र तुला तूच वाचायचे आहे, म्हणून सावकाश आणि मोठ्या अक्षरात लिहिले आहे.

२२ मार्चला तू भाताचे निमित्त करून गोलातून उठलीस, त्यामुळे नंतर काय झाले ते तुला ठाऊक नाही. मी सूटकेस शेजारी ठेवून बसले होते. मुले एकमेकांविषयी बोलत होती. प्रत्येकाने दुसऱ्याला वर्षभरात काय करताना पाहिले, ते एकेक. मला ते फार वेळखाऊ वाटले आणि मी म्हटले, "हे सर्व ठीक आहे, पण निकाल कुठे आहे?" तुझी ती मायमाय म्हणाली, "करवंटी तुमच्याकडे नाहीये." चौतीस वर्षांत मला वर्गात कोणी गप्प केले नव्हते. मी गप्प बसले. मग त्या मुलीने उठून मला करवंटी आणून दिली. मी जे मनात होते तेच बोलले. म्हटले, "मी जोवेलिनला न्यायला आले आहे. तिचे भले व्हावे म्हणून."

करवंटी जोवेलिनकडे गेली. लुदीविनाबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, "तुला काय हवं?" मानांग, आपण दोघींनी आठ महिने पत्रे लिहिली. नेस्तोरने जहाजावरून लिहिले. हा प्रश्न त्या मुलीला आपल्यातल्या कोणीही विचारलेला नव्हता.

ती म्हणाली, "मला इलोइलो बघायचंय. जिना असलेलं घर बघायचंय. सुटीत जाईन. जूनमध्ये परत येईन. आणि मी नसताना लोलाला कुणी पत्र लिहून द्यायचं नाही."

मी माझ्या शाळेत किती पदके लावली त्याची गणती नाही. पण चूक केल्यावर एखाद्या मुलाने उभे राहून, कोणी न पकडता, "मी केले" असे सांगितलेले मला आठवत नाही. तसे मी स्वतः कधी म्हटल्याचेही आठवत नाही. म्हणून आता म्हणते. माझे चुकले. तुझे अधिक चुकले, पण माझेही.

नेस्तोरला काल पत्र टाकले. मुलगी कागुलांगलाच राहील. पलंगावर सध्या ती झोपते, नंतर मांजर झोपेल.

तुझे चार ओळींचे पत्र मी तपासलेले नाही. ते माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. परत मागू नकोस.

तुझी,
पुरिंग


कागुलांग
४ मे १९९७

जोवेलिन,

पुरिंगचे पत्र मीच वाचले. तीन दिवस लागले. तिला सांग, मोठे अक्षर आंधळ्यासाठी असते. मी आंधळी नाही. मी सावकाश आहे.

कंडक्टरचे बूट. छान केलेस.

शाळा बंद आहे. तरी मायमाय रोज येते. पाटी आणते. माझ्या ओळी खाली जातात म्हणून ओरडते. मी तिला केळी देते. मग ती कमी ओरडते.

एल्मेरने शाळेला तीन चटया विणल्या. कोणी सांगितले नव्हते. एक किनार वाकडी आहे. मी त्याला दाखवली. फार बरे वाटले.

शेळीला दोन पिल्ले झाली. नावे तू आलीस की ठेवू. लुदीबाई म्हणते गोलात ठरवू. म्हणजे वेडीविद्री नावे येणार.

पुरिंगचे ऐक. जिन्यावरून पळू नको. भागाकाराला घाई करू नको.

सोमवार २ जून. दुपारची बस. मी थांब्यावर आहे.

अजून एक शब्द लिहायचा होता. तो मला येत नाही. मायमायला पण येत नाही. लुदीबाईला विचारायची लाज वाटली.

तू आलीस की तोंडाने सांगेन.

सांगेनच असे नाही.

लोला